बाळंतपणानंतरचं पोट : नाशकात किती पैसे गेले आणि टेपने काय सांगितलं

गेल्या श्रावणात एक मुलगी डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीवरचा ब्लाउज शिवायला घेऊन आली. सातवा लागलेला. माप घेताना मी म्हटलं, "बाजूला माया भरपूर सोडते, नंतर उसवून सैल करता येईल." तिने माझ्या पोटाकडे बघितलं आणि गोड हसून विचारलं, "ताई, तुमचं कधी?" माझा धाकटा तेव्हा चौदा महिन्यांचा होता आणि कटिंग टेबलाखाली बसून रिळांचा डबा रिकामा करत होता. "हा काय, टेबलाखाली," एवढंच बोलले. तिचा चेहरा पडला. तिचा राग नाही आला, खरंच नाही. दुकानाच्या आरशात मलाही तेच दिसत होतं.

मी सिडकोत, पवननगरच्या बाजूला, बारा वर्षं ब्लाउज शिवते. पहिली मुलगी नॉर्मल, दुसरा सिझर, पावणेचार किलोचा. वजन लग्नातलं ५८ आणि आता ६१, म्हणजे जाडी म्हणावी अशीही नाही. पण सकाळी बरं दिसणारं पोट संध्याकाळी मशीनवरून उठेपर्यंत पाचव्या महिन्यासारखं पुढे यायचं. या पोटापायी मी नाशकात दीड वर्षात जिथे जिथे गेले, त्याचा हा हिशेब. गिऱ्हाइकं विचारतात, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसले तर दिवाळीचे ब्लाउज दिवाळीत होणार नाहीत.

सुरुवात घरातच झाली. सिझरनंतर पंधरा दिवसांनी मालीशवाल्या मावशी यायला लागल्या. बाळाची आणि माझी मिळून दिवसाला ४०० रुपये, सव्वा महिना. पाठीला, पायांना जे सुख मिळालं त्याला तोड नाही. पोटाच्या टाक्यांना मात्र त्यांनी स्वतःहून हात लावला नाही. "ते डॉक्टरचं काम, माझं नाही," म्हणाल्या. मालीश झाली की सासूबाईंचं जुनं सुती नऊवारी पोटावर करकचून बांधायच्या. सासूबाईंचा पक्का विश्वास, की बांधलं तर पोट आत जातं आणि नाही बांधलं तर "वारा भरतो". बांधलेलं असायचं तोवर पोट आतच असायचं, यात शंका नाही. सोडलं की परत जागेवर. मावशींना पाचपैकी पाच, पण ते झोपेसाठी.

पुढे मेडिकलमधून ६५० रुपयांचा वेल्क्रोचा पट्टा आणला. सिझरनंतर खोकताना, शिंकताना, पलंगावरून उठताना टाक्यांना आधार मिळतो, तेवढ्यापुरता तो चांगला. त्याची शिलाई मात्र महिनाभरात उसवली. मग मी स्वतःच ड्रिलच्या कापडाचा, कडेला बकरम घालून एक शिवला आणि हौसेने चांगला घट्ट केला. परिणाम असा, की हसले की थेंब थेंब लघवी सुटायला लागली. वरून आवळलं की दाब खाली ओटीपोटाकडे जातो, हे मला नंतर कळलं. तो पट्टा आता इस्त्रीच्या टेबलाखाली पायपुसणं आहे.

आता कॉलेज रोडच्या बाजूचं ते क्लिनिक. नाव लिहीत नाही, कारण तशी तीन-चार आहेत आणि मी बाकीच्यांत गेलेले नाही. काचेचं दार, एसी, कॉफी, भिंतीवर सपाट पोटाची एक मुलगी, जिला मूल झालेलं असेल असं काही वाटत नव्हतं. डॉक्टर पाच मिनिटं भेटले. बाकी सगळं ब्लेझर घातलेल्या काउन्सेलर मुलीने. मला आडवं करून पोट कुणीच तपासलं नाही. उभ्याउभ्या चिमूट धरून "फॅट आहे मॅडम, फ्रीज करून टाकू" म्हणाली. तीन सिटिंगचं पॅकेज ४५,००० रुपये, आजच भरले तर कातडी घट्ट करणारी रेडिओफ्रीक्वेन्सी "फ्री". मी भरले. कुणी "आजच" म्हटलं की मी एरवी साडीसुद्धा घेत नाही, पण त्या दिवशी डोहाळजेवणवालीचा प्रश्न डोक्यात होता.

फॅट फ्रीझिंग म्हणजे काय, ते मी तिथे झोपूनच शिकले. पोटावर ओला थंडगार जेलचा रुमाल ठेवतात, त्यावर कपासारखं यंत्र लावतात आणि ते पोटाची वळकटी आत ओढून घेतं. पहिली दहा मिनिटं बर्फ चावल्यासारखं, मग सगळं बधिर. तासाभराने कप काढला तर पोटावर फ्रीजमधून काढलेल्या लोण्याच्या लादीसारखा कडक तुकडा उभा होता! तो मग दोन मिनिटं चोळतात आणि खरं दुखतं ते तेव्हाच. पुढे तीन आठवडे तिथे मुंग्या. यामागचं तत्त्व खोटं नाही. चरबीच्या पेशी कातडीपेक्षा थंडीला आधी बळी पडतात, आणि मेलेल्या पेशी शरीर दोन-तीन महिन्यांत हळूहळू बाहेर काढतं. अमेरिकेत हार्वर्डशी जोडलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली. आइसफ्रूट चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतली चरबी कमी होते, या जुन्या निरीक्षणावरून ती सुचली म्हणतात. पोटासाठी तिथल्या सरकारी औषध खात्याची परवानगी २०१२ मध्ये मिळाली. पण हे सगळं कातडीखालच्या, चिमटीत येणाऱ्या चरबीपुरतं. सैल कातडी त्याने आवळत नाही आणि स्नायूंना तर हातही लागत नाही. क्वचित उलटंही होतं, चरबी कमी व्हायच्या ऐवजी कपाच्या आकाराची गाठ वाढते. लिंडा इव्हँजेलिस्टा नावाच्या जुन्या मोठ्या मॉडेलने २०२१ मध्ये स्वतःबद्दल हेच जाहीर सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. फॉर्मवर होतं, बारीक अक्षरात.

दोन महिन्यांनी माप घ्यायला बोलावलं, आणि इथे त्यांचं नशीब खोटं, की समोर ब्लाउजवाली होती. पहिल्या दिवशी त्या मुलीने कुडत्यावरून, बेंबीवर, टेप सैल धरून माप घेतलं होतं, ३६ इंच. आता कुडता वर करून, बेंबीच्या दोन बोटं वर, टेप कातडीत रुतेपर्यंत ओढून, वर मला "श्वास सोडा मॅडम" म्हणून ३४. "दोन इंच गेले मॅडम, अभिनंदन!" मी पर्समधून माझा टेप काढला. बेंबीवर, त्याच कुडत्यावरून, टेपखाली एक बोट सरकेल इतपत. साडेपस्तीस. अर्धा इंच. शिवाय त्यांचा टेप प्लॅस्टिकचा होता, आणि जुना प्लॅस्टिकचा टेप ताणतो. ताणलेला टेप माप कमी दाखवतो, हे शिवणक्लासच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मुलगी बिचारी गोरीमोरी झाली. तिलाही वरून कुणीतरी तसंच शिकवलं असणार.

अर्धा इंच कमी झाला, हे मी नाकारत नाही. पण संध्याकाळचं पाच महिन्यांचं पोट जिथल्या तिथे. मग मॅनेजर म्हणाले, तुम्हाला चुंबकाच्या मशीनवर घेऊ, अर्ध्या तासात हजारो सिटअप्सचं काम होतं, फक्त वरचे थोडे पैसे. ही मशीनं स्नायूंना झटके देऊन आकुंचन करायला लावतात आणि २०१८ च्या सुमारास बाजारात आली. फॉर्म हातात घेतला तर त्यात ओळ : शरीरात धातूचं काही असल्यास हा उपचार करू नये. मी विचारलं, "कॉपर टी चालते का?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बाळंतपणानंतर कॉपर टी बसवलेल्या बायका नाशकात काय कमी आहेत? आणि बाळंतपणाच्या पोटासाठीच मशीन विकणाऱ्याला हा प्रश्न पडू नये? पैसे परत मिळाले नाहीत. भांडून भांडून उरलेल्या दोन सिटिंगच्या बदल्यात नणंदेचं हातापायाचं लेझर करून घेतलं. ती खूश आहे. पाचपैकी दीड, त्यातला अर्धा नणंदेचा.

खरं काय झालं होतं, ते कळलं इंदिरानगरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे. तिथे मी पोटासाठी गेले नव्हते. मशीनवर वाकून कंबर धरली होती म्हणून गेले. त्यांनी उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि म्हणाल्या, "डोकं फक्त चार बोटं उचला, मान वर." मी उचललं आणि त्यांची बोटं बेंबीच्या वर सरळ आत गेली. मला म्हणाल्या, "घाला तुमचीच बोटं." घातली. पोटाच्या मधोमध खड्डा! साडेतीन बोटं आडवी बसत होती आणि दोन्ही कडांना स्नायूंचे काठ लागत होते, उसवलेल्या चोळीचे काठ लागावेत तसे. मला तिथेच रडू आलं. ४५,००० आठवले म्हणून आलं की कुणीतरी पहिल्यांदा पोटाला नीट हात लावला म्हणून, कोण जाणे.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पोट म्हणजे गोधडी. वर कापड ती कातडी, मधे भरण ती चरबी, खाली अस्तर ते स्नायू. पोटावर बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधे एक पांढरी तंतूंची पट्टी जोडते. गर्भ वाढतो तशी ही पट्टी ताणून रुंद होते. फाटत नाही, धुऊन धुऊन सैल झालेल्या इलॅस्टिकसारखी होते. बऱ्याच जणींची ती पहिल्या काही महिन्यांत आपोआप बरीच जवळ येते, काहींची येत नाही. दोन बोटांहून जास्त फट राहिली तर तिला डायस्टॅसिस म्हणतात. मग दिवसभर बसून, जेवून आतडी पुढे झुकली की त्यांना आवरायला मधे काही उरत नाही. माझं अस्तर उसवलेलं, आणि क्लिनिकवाल्यांनी मूठभर भरण काढून दिलं.

वर मी काय करत होते? मोबाइलवर बघून रोज पन्नास सिटअप्स. बाईंनी एक करून दाखवायला सांगितली आणि पोटाच्या मधे उभा तंबू वर आला तो मलाच दाखवला. "हा तंबू आला की थांबायचं. त्याने फट जवळ येत नाही, आणखी ताणते." त्यांनी दिलेले व्यायाम इतके साधे, की पहिल्या दिवशी फसवलं जातंय असंच वाटलं. श्वास सोडत बेंबी आत घ्यायची, दहा आकडे धरायची. टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा, पोट हलू न देता. लघवी अडवतो तसं खालून आवळायचं. कापडाचा गठ्ठा किंवा पोरगं उचलताना आधी श्वास सोडायचा, मग उचलायचं. मशीनवर पाठीमागे उशी. बस.

पहिली भेट ६०० रुपये, पुढच्या ४०० च्या. चार महिन्यांत नऊ वेळा गेले, म्हणजे ३,८०० रुपये. बाकी घरी रोज वीस मिनिटं, पोरगं पोटावर घोडा घोडा खेळत असताना. साडेतीनाची फट दोन बोटांवर आली, आणि खड्ड्याचा तळ पूर्वी लोण्यासारखा लागायचा तो आता कडक लागतो. बाई म्हणतात रुंदीपेक्षा हा ताण महत्त्वाचा. बेंबीवर संध्याकाळचं माप ३६ चं साडेतेहतीस, माझ्या टेपने, बोट ठेवून. हसताना थेंब सुटणंही थांबलं, ज्याच्याबद्दल मी कुणाजवळ बोललेच नव्हते. तक्रार एवढीच, की फोन उचलत नाहीत आणि दोनदा दीड तास बसवलं. पाचपैकी साडेचार.

कातडीचं थोडक्यात. पोटावरच्या पांढऱ्या रेघांसाठी कॅनडा कॉर्नरच्या एका त्वचारोग डॉक्टरांकडे गेले, ७०० रुपये फी. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं : लाल-जांभळ्या असताना आला असतात तर लेझरचा जास्त उपयोग झाला असता. पांढऱ्या झाल्या की फिक्या होतात, पुसल्या जात नाहीत. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर लेझरने डाग काळा पडायची भीती असते, म्हणून सावकाश, कमी ताकदीने करावं लागतं. "तुम्हाला किती त्रास होतो त्यांचा?" विचारलं. मी म्हटलं, त्रास काहीच नाही, मी नववारी नेसते, बिकिनी नाही. ते हसले आणि काहीही न लिहिता पाठवलं. गरोदरपणात मी दोन बाटल्या महागडं तेल चोळलं होतं, त्याचंही विचारलं. तेलाने रेघा टळतात असा धड पुरावा नाही, म्हणाले. खाज कमी होते, ते खरं. न विकणाऱ्या डॉक्टरांना पाचपैकी पाच.

राहिलं ऑपरेशन. टमी टक. हे नाव ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं, कारण टक्स घालणं हा माझा रोजचा धंदा. ते मी जवळून बघितलंय, माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, जेलरोडला राहतात त्या. त्यांना जुळी. वजन उतरलं तेव्हा पोटाची कातडी मांडीवर ओच्यासारखी लोंबायची, पावसाळ्यात घडीत खाज, चट्टे, वास. तिथे ना गोठवणं चालणार होतं ना व्यायाम. जास्तीचं कापड टीप मारून कमी होत नाही, कापावंच लागतं.

डॉक्टर कापतात ते अगदी तसंच. खाली सिझरच्या रेषेपासून दोन्ही कमरांपर्यंत आडवा छेद, वरची कातडी सोडवून खाली ओढायची, उरलेली कापून टाकायची. त्याआधी मधली सैल पट्टी बरगडीपासून खालपर्यंत आतून टाके घालून जवळ आणायची, म्हणजे अस्तरही बसतं. बेंबी आपल्या जागी देठावर राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवीन काज पाडतात. जाऊबाईंची जुनी सिझरची खूण कापलेल्या कातडीबरोबर गेली, बेंबीखालच्या रेघाही गेल्या. वरच्या रेघा खाली सरकून बेंबीखाली आल्यात, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या अजून चिडतात.

दोन रात्री मी हॉस्पिटलात होते. दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला रबरी फुगे, त्यात जमणारं पाणी किती मिली ते मी माझ्या मापाच्या वहीत लिहायचे, एका पानावर गिऱ्हाइकांची छाती-कंबर आणि समोर जाऊबाईंचा निचरा. पायांत घट्ट मोजे, कारण पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती या ऑपरेशनात खरी असते. म्हणून संध्याकाळीच उठवून चालवलं. आठवडाभर त्या तांदूळ निवडायला वाकल्यासारख्या चालायच्या, सरळ झालं की टाके ओढायचे. सहा आठवडे जुळ्यांपैकी एकालाही उचलायचं नाही. ही शिक्षा सगळ्यात मोठी होती, आणि ती घरातल्या सगळ्यांनी भोगली. अंगात चोवीस तास दाबाचा पट्टा. मी पुढून बटणाचे तीन गाऊन शिवून दिले, कारण डोक्यावरून काही घालता येत नव्हतं. दोन वर्षं झाली, बेंबीखाली तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. खूण कमरेपासून कमरेपर्यंत आहेच, निऱ्या खोचतो तिथे झाकली जाते. तरी त्यांना विचारलं तर म्हणतात, पाच वर्षं आधी करायला हवं होतं.

मीही गंगापूर रोडला एका प्लास्टिक सर्जनना दाखवून आले. जायच्या आधी त्यांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघितला, पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच आहे हे बघितलं. कॉफी नाही, पॅकेज नाही. उभं करून, आडवं करून, बसवून तपासलं. तिसरं मूल हवंय का, अंगावर पाजणं थांबलं का, वजन स्थिर आहे का, साखर, तंबाखू, सगळं विचारलं. बेंबीपाशी हर्निया नाही ना म्हणून सोनोग्राफी करायला लावली, नव्हता. मग म्हणाले, "तुमची कातडी फारशी सैल नाही. व्यायाम वर्षभर चालू ठेवा. तरी समाधान नाही झालं तर या. घाई माझ्याकडून नाही." मी खर्च विचारलाच. भूल आणि हॉस्पिटल धरून एक लाख नव्वद हजार, वर तेव्हाच्या दराने १८ टक्के जीएसटी ३४,२०० रुपये. आजाराच्या उपचाराला जीएसटी नाही, सौंदर्याच्या ऑपरेशनला आहे. मेडिक्लेममध्येही निव्वळ दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन धरत नाहीत. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तेवढ्यात दोन जुकी शिलाई मशीनं येतील." मी म्हटलं, तुम्हाला कुणी विचारलं होतं का, तुमचं कधी?

ऑपरेशन तूर्त नाही. दोन बोटांचं पाऊण बोट झालं नाही तर पुढच्या वर्षी परत विचार करीन, पोरगा तोवर स्वतःच्या पायाने जिना चढेल.

फिजिओ बाईंचं नाव द्या म्हणून सगळ्या मागे लागतात. बाईंनीच लिहू नका म्हणून सांगितलंय, आधीच वेळ पुरत नाही त्यांना. दुकानात आलात तर सांगेन. बाईंचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, रस्ता सध्या खोदलेला आहे त्यामुळे गाडी लांब लावावी लागते. सोमवारी बंद. सैल नाडीचा पायजमा घालून जा, आणि जेवून लगेच जाऊ नका, पोटात बोटं घालतात.